कृपया उत्तर देऊ नये

"मॅडम, काय बी बिघडलं की मला लगेच मेल आला पाहिजे. लगेच म्हणजे लगेच."

दूध डेअरीचे अध्यक्ष, कॉलेजचे प्राचार्य, डाळमिलचे मालक, दवाखान्याचे डॉक्टर, सगळे पहिल्या भेटीत हेच म्हणतात. म्हणताना खुर्चीत जरा पुढं सरकतात. आपण किती दक्ष आहोत, असं त्या घडीला त्यांना वाटत असतं. मेल आला तर तो वाचणार कोण, हे मात्र आजवर एकानंही आपणहून सांगितलेलं नाही. मी विचारलं की म्हणतात, "बघू की. आधी येऊ तर द्या."

मी मूळची अणदूरची. सोलापुरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात काढली आणि मग धाराशिवला स्वतःचं काम सुरू केलं. आता केस पांढरे झाले, तरी लोक "लोमटे मॅडम, कॉम्प्युटरवाल्या" असंच म्हणतात. काम असं, की ज्या संस्थांना आपली माहिती परक्या कंपनीच्या भरवशावर ठेवायची नसते, त्या स्वतःचा सर्व्हर आणून आपल्याच इमारतीत ठेवतात. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा कॉम्प्युटर, दुसरं काही नाही. तो मी बसवते आणि सांभाळते. "आमची माहिती आमच्या घरात" असं म्हणायला भारी वाटतं. पुढं त्याच घरात सर्व्हरवर चहाचा ट्रे ठेवतात, शेजारी देवाचा फोटो लावून उदबत्ती ओवाळतात आणि झाडणाऱ्या मावशी मोबाइल चार्ज करायला त्याचीच पिन काढतात.

हा डबा आजारी पडला तर बोलत नाही. म्हणून त्याला मेल पाठवायला शिकवावं लागतं. डिस्क मरायला टेकली, जागा संपत आली, माहितीची रोजची नक्कल (बॅकअप) निघाली नाही, की त्यानं चार ओळी लिहून कुणाला तरी कळवायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय अवघड? अवघड असं, की अनोळखी डब्याचं टपाल कुणी घेत नाही. आज जगात फसवे मेल इतके झालेत की मोठ्या मेल कंपन्या प्रत्येकाकडं संशयानं बघतात. त्यामुळं आपल्या संस्थेच्या नावानं कुठली यंत्रं मेल पाठवू शकतात, याची इंटरनेटवर जाहीर नोंद करावी लागते. मेल थेट न टाकता ओळखीच्या मध्यस्थामार्फत टाकावा लागतो. यंत्रासाठी वेगळा पासवर्ड काढावा लागतो. यातलं एक जरी चुकलं तरी मेल जातो, पण स्पॅममध्ये पडतो, आणि आपल्याकडं स्पॅम उघडून बघणारा माणूस मला अजून भेटायचाय.

इतकं करून मेल पोचतो. पुढं काय होतं, ते ऐका.

एका कॉलेजच्या सर्व्हरचा पंखा बंद पडला. सर्व्हरच्या आत बारके पंखे असतात, ते थांबले की आतलं सामान तापून जळतं. सर्व्हरनं इमानदारीनं कळवलं, "फॅन बंद आहे." प्राचार्यांनी मेल वाचला, हे विशेषच. वाचून तो हेडक्लार्ककडं पाठवला. हेडक्लार्कनं वायरमनला बोलावलं. वायरमननं सगळ्या वर्गांतून फिरून छताचे पंखे तपासले आणि स्टाफरूममधला एक, जो करकरत होता, तो बदलला. प्राचार्यांनी मला फोन करून मोठ्या समाधानानं सांगितलं, "मॅडम, तुमची यंत्रणा बेस आहे. पंखा बदलला." त्याच आठवड्यात सर्व्हर जळाला.

मुरुमच्या एका डाळमिलवाल्याला लाइट गेल्याचे मेल हवे होते. मी म्हटलं, शेठ, लाइट गेली की तुमचं इंटरनेटचं मशीनही बंद पडतं, मेल जाणार कशानं? त्यालाही बॅटरी घ्या. ते म्हणाले, "ते नंतर बघू." तेव्हापासून त्यांना लाइट आल्यावर लाइट गेल्याचे मेल येतात, सगळे एकदम. ते मला दर भेटीत विचारतात, "ह्याचा उपयोग काय हो?" मी म्हणते, "काहीच नाही."

अशा गमती सांगून मी लग्नाकार्यात लोकांना हसवते. एक गोष्ट मात्र मी कधी हसत सांगितलेली नाही.

हायवेवरच्या एका तालुक्याच्या गावात एक खाजगी दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. आपण त्यांना डॉक्टरसाहेब म्हणू. माणूस हाताचा चांगला. पूर्वी त्या भागात बाळंतीण अडली की सोलापूरचा रस्ता धरावा लागायचा, तो यांच्यामुळं बऱ्याच जणींचा वाचला, हे मान्य केलंच पाहिजे. पण भाषणाची हौस फार. दवाखान्याला जोडून त्यांनी रक्तपेढी काढली. तिच्या उद्घाटनाला तासभर बोलले आणि त्यात रक्तावर जेमतेम चार वाक्यं होती.

रक्तदात्यांची यादी त्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली. पुण्याच्या एका कंपनीनं सॉफ्टवेअर बनवून दिलं. दुर्मीळ गटाचं रक्त लागलं की एक बटण दाबायचं, त्या गटाच्या सगळ्या दात्यांना मेल जायचा. एसएमएससाठी सरकारी नोंदणीचे कागद करावे लागतात, ते कुणी केले नाहीत. मेल फुकट, म्हणून मेल. आधी हे काम नसरीन करायची. नसरीन म्हणजे रक्तपेढीतली टेक्निशियन, वयानं तिशीची, बोलायला तिखट, सुई टोचायला हातानं हलकी. कुणाला रक्त लागलं की ती फोन घेऊन बसायची आणि एकेकाला विनवून आणायची. बटण आल्यावर डॉक्टरसाहेबांनी तिचे फोन बंद केले. "आता यंत्रणा आहे. तू तपासण्यांकडं लक्ष दे."

आणि एकाही दात्याला मेल पोचेना. सगळे स्पॅममध्ये. तेव्हा मला बोलावलं. मी नोंदी केल्या, मध्यस्थ लावला, मेल पोचायला लागले. त्या मेलच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ होती: "हा मेल यंत्रणेकडून पाठवला आहे. कृपया उत्तर देऊ नये."

मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, "ही ओळ काढू या. माणूस काहीतरी विचारणार. येऊ का, कधी येऊ, कुठं येऊ. ते कुणीतरी वाचायला पाहिजे. आणि एक फोन नंबर टाका."

"नंबर टाकला की दिवसभर फालतू फोन येतात, मॅडम. आमच्या स्टाफला तेवढंच काम आहे का? ज्याला यायचं तो येईल."

"आणि उत्तरं आली तर?"

"देऊ नका म्हटलंय ना? मग कशाला देतील?"

शिकलेल्या माणसाचा हा एक खास आजार आहे. आपण पाटी लावली म्हणजे जगानं ती पाळली, असं त्याला वाटतं. मी वाद घातला, हरले. एवढंच केलं की आलेली उत्तरं फेकून न देता सर्व्हरवरच्या एका पेटीत पडतील अशी सोय ठेवली आणि तिचा पासवर्ड कागदावर लिहून दवाखान्याच्या व्यवस्थापकाच्या हातात दिला. "रोज एकदा उघडून बघत जा," म्हटलं. "व्हय व्हय, बघतो की," म्हणाला. त्यानं तो कागद कुठं ठेवला ते त्यालाच ठाऊक.

पुढं रक्तपेढी जुन्या बाजारातल्या इमारतीतून हायवेच्या नव्या इमारतीत गेली. मला त्या वेळी फक्त सर्व्हर उचलून इकडून तिकडं लावायला बोलावलं. लावला. समारंभ झाला, फीत कापली, पेढे वाटले. त्यात डॉक्टरसाहेबांनी भाषण केलं, ते मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. "आम्ही एवढी आधुनिक यंत्रणा उभी केली. मेलवर मेल पाठवतो. पण आपल्या भागातल्या लोकांची मनं मेलेली आहेत. एक माणूस येत नाही! पुण्यात असं होत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्यालाच शिव्या घालणाऱ्यालाही टाळ्या वाजवायची आपल्याकडं चांगली सवय आहे.

नसरीन माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "मॅडम, मी फोन करायची तेव्हा तर येत होते की सगळे."

त्यानंतर काही महिन्यांनी मी सर्व्हरची बॅटरी बदलायला तिथं गेले. दुपार होती. सर्व्हर रक्तपेढीच्याच मागच्या खोलीत, मधे अर्धी काच, त्यामुळं पुढचं सगळं दिसतं आणि ऐकू येतं. मी पोचले तेव्हा पुढं गडबड होती. लोहाऱ्याकडच्या एका खेड्यातली सुवर्णा नावाची पोरगी सकाळी बाळंत झाली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकच पिशवी होती, ती चढवून झाली होती. भाऊ सोलापूरला जीप घेऊन गेला होता. आई खिडकीशी उभी होती, हातात बाळाचं टोपडं घट्ट धरलेलं.

नसरीननं सकाळीच बटण दाबलं होतं. मेल गेले होते. कुणी आलं नव्हतं.

डॉक्टरसाहेब ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले, घामानं भिजलेले. आईला म्हणाले, "बघा. आम्ही सगळ्यांना कळवलंय. आपलीच माणसं आपल्या मदतीला येत नाहीत, त्याला मी काय करणार?"

त्या बाईनं खाली मान घातली. जणू त्या न आलेल्या सगळ्या माणसांची चूक तिचीच होती. ती म्हणाली, "साहेब, कुणी न्हाय का आलं? एक बी न्हाय?"

"एकही नाही."

माझं डोकं फिरलं, पण बोलण्यासारखं हातात काही नव्हतं. सवयीनं मी सर्व्हरची टपालाची नोंद उघडली. मेल खरंच गेले का, एवढंच बघायचं होतं. गेले होते, सगळे, सकाळीच. आणि त्यांच्या खाली, परतीच्या बाजूला, आत आलेले मेल दिसले. सकाळपासून येतच होते. मी बघत असतानाच एक आला.

पेटी उघडली. वरचाच मेल असा होता, बोलून टाइप केल्यासारखा, पूर्णविरामाशिवाय: "मी पत्त्यावर आलो आहे शटर बंद आहे मागच्या वेळी पण बंद होतं कुणी आहे का इथं महादेव बिराजदार मुरुम"

त्याच्या खाली त्याचाच आधीचा: "बसमधून उतरलो कुठं यायचं ते सांगा."

त्याच्या खाली, सकाळचा: "निघालो आहे. पेशंटला धीर द्या."

मी आपल्याकडून गेलेल्या मेलचा मजकूर उघडून बघितला. पत्ता जुन्या बाजारातल्या इमारतीचा होता. रक्तपेढी हलली, फीत कापली, पेढे वाटले, आणि जो पत्ता वाचून माणूस रक्त द्यायला येणार तोच बदलायचं कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

"नसरीन!" मी ओरडलेच. "बिराजदारचा नंबर काढ. मुरुमचा. लवकर."

तिनं काढला. मी लावला. पलीकडून बसस्टँडचा गलका ऐकू आला. "कोन बोलतंय?"

"रक्तपेढीतून बोलतेय. बिराजदार ना तुम्ही? कुठं आहात?"

"आता बशीत बसतोय, मुरुमच्या. तुमचं दुकान बंद हाय की ओ."

"उतरा! उतरा खाली. बंद नाही, जागा बदललीय. पेशंट इथंच आहे. मी येते घ्यायला, तिथंच थांबा."

गलका जरा मागं पडला, म्हणजे तो उतरला असावा. मग तो म्हणाला, "बरं झालं बाई, कुणीतरी बोललं. मला वाटलं, ह्ये मशीनच पाठवतंय आन् मशीनच वाचतंय."

माझी स्कूटी घेऊन मी स्टँडवर गेले. काळासावळा, पन्नाशीकडं झुकलेला माणूस, गळ्यात लिंग, पिशवीत शिवणकामाची कात्री. टेलर होता. शाळेच्या गणवेशाच्या ऑर्डरी मेलवर यायला लागल्यापासून त्यानं मेल शिकून घेतला होता. मागं बसल्यावर एकच प्रश्न विचारला, "बाई हाय का बाप्या?"

"बाई. बाळंतीण."

"मग जरा लौकर चालवा की."

नसरीननं त्याचं रक्त घेतलं. पण रक्त काढलं की लगेच चढवता येत नाही, तपासण्या असतात, जुळवून बघावं लागतं. तेवढा वेळ सुवर्णाची आई आणि बिराजदार बाकावर शेजारी शेजारी बसले. तो तिला मुरुमच्या बाजारातल्या कापडाचे भाव सांगत होता. काय बोलावं ते त्याला कळत नसावं, म्हणून तो थांबलाच नाही. ती ऐकत होती की नाही देव जाणे, पण मान हलवत होती. नसरीननं पिशवी हातात घेऊन धावतच थिएटरचं दार गाठलं. सोलापूरची पिशवी त्यानंतर पोचली, तीही लागली. संध्याकाळी आत दिवे लागले तेव्हा डॉक्टरसाहेब बाहेर आले आणि म्हणाले, पोरगी वाचली. आई भिंतीला धरून खाली बसली आणि तिथंच रडली. बिराजदार शेवटच्या बससाठी उठला. चहा घेतला नाही. जाताना नसरीनला म्हणाला, "पुन्हा लागलं तर फोन करा. त्या मेलाच्या नादी लागू नका."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. बॅटरी बदलायची राहिलीच होती. नसरीनला शेजारी बसवलं आणि ती पेटी पहिल्यापासून उघडून वाचली.

मी आयुष्यात अनेक संस्थांच्या आतलं बघितलंय, पण अशी शरम वाटली नव्हती. एका पोरानं लिहिलं होतं, "आज परीक्षा आहे, तीन वाजता सुटेन, चालेल का?" एकानं, "हळद लागलीय, उद्या लग्न आहे, रक्त दिलं तर चालतं का डॉक्टरांना विचारून सांगा." अणदूरची, म्हणजे माझ्याच गावची एक सून, "सासूबाई पाठवत नाहीत. तुम्ही फोन करून सांगितलं तर पाठवतील." एकीचं, "मी स्वतःच बाळंत झाले आहे, मला सध्या बोलावू नका, पण माझ्या भावाचा गट तोच आहे, त्याचा नंबर देते." एका म्हाताऱ्या गुरुजींनी वय जास्त झाल्याबद्दल क्षमा मागितली होती. क्षमा! आणि कितीतरी जणांनी पत्ता विचारला होता. नुसता पत्ता. "जुनी इमारत बंद दिसते, नवीन कुठं?" बिराजदार आधीही दोनदा येऊन शटर बघून परत गेला होता.

आणि आमचे डॉक्टरसाहेब व्यासपीठावरून सांगत होते, लोकांची मनं मेली आहेत.

नसरीन एका तारखेपाशी थांबली. त्या दिवशी दोघं-तिघं जुन्या शटरपाशी येऊन गेल्याचं दिसत होतं. ती म्हणाली, "मॅडम, ह्या दिवशीचा पेशंट मला आठवतो. ट्रॅक्टरखाली आलेला. बारीक मुलं होती त्याला. कुणी आलं नाही म्हणून सोलापूरला पाठवला."

"मग?"

"नळदुर्गच्या पुढं नाही गेला तो."

तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि उठून पाणी प्यायला गेली. मी तिच्या मागं गेले नाही. मी डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि पेटी त्यांच्यासमोर उघडून ठेवली. त्यांनी वाचलं, थोडं. चेहरा बदलला, तेही थोडं. मग म्हणाले, "हे इतके दिवस मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगायला माणूस ठेवलाच नव्हता तुम्ही. लोकांना तर उत्तर देऊ नका म्हटलंय."

"मॅडम, आवाज खाली. पुण्याच्या कंपनीनं ती ओळ टाकली होती."

"टाकली त्यांनी. काढू नका, असं तुम्ही म्हणालात."

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल. ते म्हणाले, "असू द्या. झालं ते झालं. तो बॉक्स रिकामा करून टाका, विनाकारण जागा खात असेल. आणि हे बाहेर बोलायचं नाही."

मी बॉक्स रिकामा केला नाही. त्यांनी नंतर विचारलंही नाही. जागा किती खातो हे त्यांना कधी कळणारच नव्हतं. पत्ता बदलला. ती ओळ काढली. नसरीनचा नंबर टाकला, आणि उत्तर आलं की तिच्या टेबलावरच्या फोनवर घंटी वाजेल असं केलं. व्यवस्थापक म्हणाला, साहेबांना विचारलं का? मी म्हटलं, विचारा तुम्हीच. त्यानं विचारलं नाही. पुढच्या कार्यक्रमात डॉक्टरसाहेबांनी बिराजदारला शाल द्यायचं ठरवलं. तो आला नाही. शाळा उघडायच्या दिवसांत गणवेशाचं काम असतं, असं त्यानं नसरीनला कळवलं. मग त्याच्याविना भाषण झालं. त्यात "आमच्या आधुनिक यंत्रणेमुळं मुरुमचा दाता वेळेत पोचला" असं वाक्य होतं. पुन्हा टाळ्या पडल्या. सुवर्णाची आई पहिल्या रांगेत होती, बाळ मांडीवर. तिनंही वाजवल्या. तिच्यावर मला राग नाही.

तो बॉक्स मात्र माझ्या आणि नसरीनच्या जिवाला लागला होता. तिची ड्युटी संपली की आम्ही बसायचो आणि एकेकाला उत्तर लिहायचो. उशीर झाला, वाचलं गेलं नाही, माफ करा, नवा पत्ता हा. काहींनी उलट लिहिलं, "काही हरकत नाही." काहींनी चांगलं सुनावलं, आणि ते आम्ही ऐकून घेतलं. बहुतेकांनी काहीच कळवलं नाही. ज्याला इतके दिवस उत्तर मिळालं नाही, तो आता कशाला बोलेल?

एक नाव उरलं. परंड्याकडचं, सोनारीचं. दाता नितीन, वय बावीस, नाव इकडं कॉलेजला असताना नोंदवलेलं. त्याच्या मेलवरून आलेलं पहिलं उत्तर असं: "मी नितीनचा वडील लिहितो. नितीन अपघातात वारला. त्याचा फोन माझ्याकडं असतो. कृपया यादीतून नाव काढावे." त्यानंतर आमचा मेल, "प्रिय नितीन, तुमच्या रक्ताची गरज आहे." मग त्यांचं उत्तर, "नितीन वारला आहे. नाव काढावे." पुन्हा आमचा, प्रिय नितीन. पुन्हा त्यांचं. शेवटचं उत्तर एवढंच होतं: "वारला आहे."

त्या वडिलांना मेल लिहायचं माझ्यानं होईना. नाव तर मी लगेच काढलं. मग नसरीन म्हणाली, "मॅडम, फोन करा. तुम्हीच करा, मला रडू येईल."

मी केला. आवाज थकलेला होता, पण शांत. मी कोण, कुठून, सगळं सांगितलं. माफी मागितली. नाव काढलंय, आता मेल येणार नाही, असं सांगितलं.

मग ते म्हणाले, "म्हंजी वाचलं व्हय कुणीतरी."

"हो काका. उशिरा वाचलं. आमची चूक झाली."

"त्याचं काय न्हाय. नाव बघून तरास व्हायचा, पर त्ये सोडा. मेल आला की दिसभर जिवाला घोर लागायचा. म्हटलं, कुणाला तरी रगत लागतंय. पोरगं असतं तर पळत गेलं असतं, त्येचा सोभावच तसा. त्या मानसाचं पुढं काय झालं, ते काय कळायचं न्हाय. बाई, एक इच्यारू का?"

"विचारा ना."

"ज्या ज्या येळंला तुमी त्याला बोलावलं, त्या लोकांना मिळालं का रगत?"

मी नसरीनकडं बघितलं. फोन स्पीकरवर होता, तिनं ऐकलं होतं. तिनं मान फिरवली.

"काहींना मिळालं, काका," मी म्हणाले.

"काहींना," ते म्हणाले. "बरं."